एकटीनं युरोप: व्हिसापासून नवव्या दिवसापर्यंत

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ज्यांना गाडी लागते, ती माणसं वळण यायच्या आधीच खिडकी उघडून, लिंबू हातात धरून बसतात. घाटाची वळणं कमी होत नाहीत, पण कुठलं कधी येणार हे पाठ असलं की पोटातलं ढवळणं निम्मं होतं. पाठीवर बॅग टाकून एकटीनं युरोप फिरताना मला याच घाटाची आठवण येत राहिली. बघायच्या ठिकाणांच्या याद्या ढीगभर मिळतात. पहिल्या संध्याकाळी, रविवारी आणि नवव्या दिवशी काय होतं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. गाडी लागते ती नेमकी तिथं.

मी कोल्हापूरची. सप्टेंबरात एकवीस रात्री बाहेर होते: प्राग ४, बुडापेस्ट ४, व्हिएन्ना २, एक रात्र रेल्वेत, फ्लॉरेन्स ५, रोम ५. ज्या क्रमानं कामं केली त्याच क्रमानं लिहिते. चुकले तिथं तसं सांगते.

आधी मार्ग, आणि मग त्यातली निम्मी शहरं कापा

माझ्या पहिल्या यादीत अकरा शहरं होती. प्रत्येक शहर बदलताना किमान अर्धा दिवस जातो. हॉस्टेल सकाळी दहा-अकराला सोडायला लावतं आणि पुढचं दुपारी दोन-तीनशिवाय खोली देत नाही. मधले चार तास बॅग तुमची. दोघं असतील तर एक सामानाजवळ बसतो. एकटीला स्वच्छतागृहातसुद्धा बॅग घेऊन जावं लागतं. म्हणून एका शहरात शक्यतो चार रात्री, आणि दर आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा. हा मोकळा दिवस कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तिथं पोचल्यावर तो हमखास कुठल्यातरी राजवाड्याच्या घशात जातो.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टात इटलीत ऊन भाजून काढतं आणि गर्दीही तुफान असते. डिसेंबरात प्रागमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. सोबत कुणी असेल तर ती रोषणाई छान वाटते, एकटीला मात्र संध्याकाळ फार लांबते.

विमान जाताना एका शहरात आणि येताना दुसऱ्या शहरातून घ्या. मुंबई–प्राग आणि रोम–मुंबई असं तिकीट काढल्यानं मागं वळून यायचा एक दिवस आणि एक भाडं वाचलं.

व्हिसा

शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट. व्हिसा एक, देश २९. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात येत नाहीत, सर्बियाही नाही. मध्येच लंडनला चक्कर टाकायचा विचार असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल, शिवाय शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा असायला हवा, नाहीतर परत आत येता येणार नाही. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात मोजतात.

अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री काढणार त्याच देशाकडे करायचा. माझ्या दहा रात्री इटलीत होत्या, म्हणून इटलीकडे. रात्री समान असतील तर पहिला प्रवेश ज्या देशात, त्याच्याकडे. तारीख लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून खोटा मार्ग जोडणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. सीमेवरचा अधिकारी हॉटेलची बुकिंगं मागू शकतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि नियमानं किमान १५ दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यासाठी मात्र अडीच-तीन महिने आधी तारीख धरा. शुल्क ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार. व्हिसा नाकारला तरी पैसे परत येत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

कागद नेहमीचेच: बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या, रजेचं पत्र, राहण्याची बुकिंगं, विमान, विमा. बुकिंगं रद्द करता येणारी घ्या. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी काकांनी दोन लाख टाकले तर ते स्टेटमेंटमध्ये ठसठशीत दिसतात. पैसे घरातून येणार असतील तर तसं सांगून त्यांचे कागद जोडा. एकट्यानं जाणाऱ्यांनी अर्जासोबतच्या पत्रावर मेहनत घ्यावी. मी दोन परिच्छेदांत लिहिलं: रोज कुठं असणार, खर्च कोण करणार, आणि कुठल्या तारखेला पुन्हा कामावर रुजू होणार.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली. पहिल्या वेळी रांगेत जास्त वेळ जातो, त्यामुळे उतरल्यावर तासाभरातली पुढची गाडी धरू नका.

पैसे

पहिले दोन दिवस मी प्रत्येक कॉफीला शंभरनं गुणत होते. साडेतीन युरो, म्हणजे साडेतीनशे, म्हणजे आपल्याकडे दोघांचं जेवण. या पाढ्यानं जेवढं मन खट्टू होतं तेवढं पावसानंही होत नाही. हिशेब निघायच्या आधी एकदाच करा. हॉस्टेलची खाट, खाणं, शहरातला प्रवास आणि एखादं तिकीट धरून मी प्राग-बुडापेस्टला दिवसाचे ६५ युरो धरले आणि पुढं ८५. तिथं पोचल्यावर फक्त युरोत मोजायचं. दिवसाचे दहा उरले तर दुसऱ्या दिवशी आईस्क्रीम.

दोन कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा. एक अंगावर, एक बॅगेच्या तळाशी दोनशे युरोंच्या नोटांसोबत. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र 'रुपयांत घेऊ का?' असं विचारतं, तेव्हा दरवेळी तिथलं स्थानिक चलनच निवडा. रुपयांत घेतलं की दर ते लावतात आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो. प्रागमध्ये कोरुना चालतो, बुडापेस्टमध्ये फोरिंट. चेक देशातला एक कायदा ध्यानात ठेवा: पैसे बदलणाऱ्यानं वाईट दर दिला आणि रक्कम १००० युरोंच्या आतली असेल, तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जा, तो व्यवहार रद्द करावाच लागतो.

बॅग आणि डबा

चाळीस लिटरची बॅग, भरून सात-आठ किलो. चाकांची बॅग प्रागच्या दगडी रस्त्यांवर अशी खडखडते की अख्खी गल्ली खिडकीत येते. शिवाय जुन्या इमारतीतल्या हॉस्टेलला लिफ्ट असेलच असं नाही. फ्लॉरेन्समध्ये माझी खोली चौथ्या मजल्यावर होती.

चार जोड कपडे, एक चांगला रेनकोट, खोलीत घालायची चप्पल, पंचा (टॉवेलला बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात), कानात घालायचे बोळे, कपडे वाळत घालायची दोरी, आणि लॉकरसाठी स्वतःचं छोटं कुलूप. आपले बारीक दोन पिनांचे चार्जर तिथं चालतात, तीन पिनांचे नाही. पाण्याची रिकामी बाटली दोन कामांसाठी घ्या, दुसरं काम तुम्हाला कळलंच असेल. तिथल्या स्वच्छतागृहात जेट नसतो आणि बरेचदा ५० सेंट ते एक युरो मोजून आत जावं लागतं, म्हणून सुटी नाणी खिशात हवीत.

खाण्याचं म्हणाल तर युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आईनं भरलेलं तूप आणि पेढे मी निघताना बाहेर काढले, त्यावरून घरात अर्धा तास वाद झाला. भडंग, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि मेतकूट गेलं. गंमत म्हणजे ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, पण नारळ, केळी, खजूर, अननस आणि ड्युरियन यांना तो लागत नाही. म्हणजे नारळ चालतो, हापूस चालत नाही.

पहिली संध्याकाळ

हे पहिलं वळण. विमानतळावरून बाहेर आलात, रात्रीचे दहा वाजलेत, फोनला इंटरनेट नाही आणि पाटीवरचा एकही शब्द ओळखीचा नाही. या प्रसंगात शहाणी माणसंही रडतात. उपाय साधा आहे: पोचायची वेळ दुपारची निवडा, भले तिकीट चार हजारांनी महाग पडो. हॉस्टेलचा रस्ता आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. पहिलं जेवण कुठं करणार तेही घरूनच ठरवा, कारण दमलेल्या माणसाला तीस दुकानांतून एक निवडता येत नाही. एका देशात घेतलेलं सिमकार्ड २०१७ पासून युरोपीय संघात सगळीकडं जादा आकाराशिवाय चालतं. स्वित्झर्लंड संघात नाही, तिकडं जाणार असाल तर पॅक तपासून घ्या.

पहिल्या पहाटे चार वाजता टक्क जाग येते, कारण शरीर अजून आपल्या वेळेवर असतं. लोळू नका, उठा. मी पाच वाजता खोलीतल्यांची झोप न मोडता बाहेर पडले आणि चालत चार्ल्स पुलावर गेले. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला तो पूल, दोन्ही बाजूंना तीस पुतळे, खाली व्हल्टावा नदीवर धुकं, आणि पुलावर मी, एक झाडूवाला आणि लग्नाच्या पोशाखात फोटो काढायला आलेलं एक जोडपं. नऊ वाजता तिथं मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या अख्ख्या प्रवासातला हा पहिला सुंदर क्षण, आणि तो झोप उडाल्यामुळे मिळाला.

गाड्या

प्राग–बुडापेस्ट सात तास, बुडापेस्ट–व्हिएन्ना दोन तास चाळीस मिनिटं. पाच-सहा टप्प्यांच्या मार्गासाठी युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) मला महाग पडत होता, म्हणून सहा-आठ आठवडे आधी सुटी तिकिटं काढली. पास घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की फ्रान्स, स्पेन आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना जागेच्या आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात.

स्टेशनवरच्या फलकावर गावाचं नाव तिथल्या भाषेत असतं: प्राहा, वीन, फिरेंझे. 'फ्लॉरेन्स' शोधत बसाल तर गाडी जाईल.

नुसतं तिकीट काढून पुरत नाही. कितीतरी शहरांत ट्राममध्ये किंवा मेट्रोच्या तोंडाशी असलेल्या यंत्रात ते घालून शिक्का मारावा लागतो. इटलीत प्रादेशिक गाड्यांच्या कागदी तिकिटालाही शिक्का लागतो, मोबाइलवरच्या तिकिटाला गाडीत चढण्याआधी चेक-इन. एका शहरात मी खिशात कोरं करकरीत तिकीट घेऊन बसले होते आणि तपासनीसानं दंड लावला. 'मी तिकीट काढलंय हो' हे मी तीन भाषांत सांगितलं. तो खांदे उडवून पावती फाडत राहिला. चूक माझीच होती, पण तो दिवस गेला तो गेलाच. दंडासाठी प्रवासखर्चात पन्नास-शंभर युरो आधीच बाजूला टाका. नाही लागले तर शेवटच्या दिवशी उडवा.

इटलीत संप आधी जाहीर होतात. 'शोपेरो' हा शब्द फलकावर दिसला की कान टवकारा. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात काही प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात.

रात्रीची गाडी जरूर घ्या. व्हिएन्नाहून रोमकडे जाणाऱ्या नाइटजेटमध्ये झोपायच्या खाटांचा फक्त बायकांचा डबा निवडता येतो. एका रात्रीचं राहणं वाचतं. झोप मात्र महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये लागते तेवढीच लागते.

खाणं

शाकाहारी माणूस उपाशी मरत नाही, कंटाळतो. बुडापेस्टला लांगोश खा: तळलेली मोठी पुरी, वर लसूण, आंबट साय आणि चीज. भटुऱ्याची लांबची बहीण. फलाफल सगळीकडं मिळतं. सूप मागताना ते मांसाच्या पाण्यात केलंय का हे विचारा, नुसतं 'भाज्यांचं सूप' या नावावर जाऊ नका. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात रात्री भात लावला आणि वर मेतकूट घातलं की आसपासचे चार जण काय आहे म्हणून विचारायला येतात. माझ्या निम्म्या ओळखी मेतकुटावर झाल्या.

एकटीनं जेवायला बसायची लाज पहिले चार दिवस वाटते. 'किती जण?' या प्रश्नाला एक बोट दाखवायचं म्हणजे शाळेत उशिरा पोचल्यासारखं होतं. इटलीत यावर तयार तोड आहे. तिथं लोक कॉफी उभ्यानं, काउंटरला टेकून पितात, आणि ती टेबलावर बसून पिण्यापेक्षा स्वस्तही असते. बसून जेवलात तर बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. ती फसवणूक नव्हे, रीत आहे.

नववा दिवस

आता मोठं वळण. बुडापेस्टमध्ये आठवा दिवस झकास गेला. सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा बघत दोन तास बसले. दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाला पोचले. पाऊस होता. रविवार होता. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात हे मी वाचलं होतं आणि विसरले होते. मोजे ओले, डब्यातलं भडंग संपलेलं, खोलीतल्या तिघी एकमेकींच्या मैत्रिणी. समोर स्टीफन्स कॅथेड्रल उभं होतं आणि मला काहीही वाटत नव्हतं. हॉस्टेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत बसून मी रडले आणि मुंबईचं तिकीट किती पडेल ते बघितलं.

नंतर भेटलेल्या एकट्या प्रवाशांशी बोलताना कळलं की बहुतेकांचा हा दिवस आठव्या ते अकराव्याच्या मध्ये कुठंतरी येतो. नव्याची नवलाई संपलेली असते, झोपेची थकबाकी साचलेली असते, आणि घरी जायला अजून बरेच दिवस असतात. म्हणून त्याची सोय आधीच करून ठेवा.

त्या सुमारास एक रात्र हॉस्टेलऐवजी स्वतंत्र खोली घ्या. चाळीस युरो जास्त जातील, जाऊ द्या. दार लावून बारा तास झोपा. दुसरं, घरी फोन करायची वेळ बदला. सप्टेंबरात तिथली आणि आपली वेळ साडेतीन तासांनी वेगळी असते. तुम्हाला संध्याकाळी आठला एकटं वाटायला लागतं तेव्हा कोल्हापुरात साडेअकरा वाजलेले असतात आणि सगळे झोपलेले. रात्री कुणी फोन उचलत नाही म्हणून आणखी वाईट वाटतं. त्यापेक्षा दुपारी साडेतीनला करा, घरी सात वाजलेले असतात, चहा झालेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागं जातात, मग साडेचार तास धरा.

तिसरं, रविवारचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवा. राहिलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान उघडं असतं. व्हिएन्नात मला ब्रेड आणि टोमॅटो तिथंच मिळाले.

चौथं, बसून करायचं काहीतरी ठरवा जिथं शेजारी माणसं असतील पण बोलायची सक्ती नसेल. सोमवारी मी व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराचं उभ्याचं तिकीट काढलं, वीस युरोंच्या आत मिळतं. खेळाच्या आधी रांग लावायची आणि आपली जागा म्हणून कठड्याला रुमाल बांधायचा, अशी तिथली जुनी पद्धत. एसटीच्या सीटवर रुमाल टाकणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. शेजारच्या आजींनी मध्यंतरात त्यांच्या पर्समधली गोळी दिली. नाटक मला निम्मंच समजलं, पण मुंबईच्या तिकिटाचा विचार रात्री झोपताना आला नाही.

आणि हे सगळं करूनही वाटलंच की परत जावं, तर जा. तिकीट बदलायला काय पडेल हे आधीच बघून ठेवलेलं असलं की थांबायचा निर्णयही मोकळ्या मनानं घेता येतो.

चोर, ताप आणि पासपोर्ट

गर्दीच्या जागा ठरलेल्या आहेत: रोमची ६४ नंबरची बस, पॅरिसची मेट्रो, बार्सिलोनाची ला रांब्ला. मनगटाला दोरा बांधायला येणारा, सही मागायला कागद पुढं करणारी, वाटेत 'सापडलेली' अंगठी दाखवणारा, या सगळ्यांपुढून न थांबता चालत राहायचं. आपल्याला उत्तर न देता जाणं उद्धटपणाचं वाटतं, त्याचाच ते फायदा घेतात. फोन टेबलावर ठेवू नका.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथं भारतात परतण्यापुरता आपत्कालीन दाखला मिळतो, म्हणजे पुढचा प्रवास तिथंच संपतो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती मेलमध्ये आणि घरी ठेवा. आपत्कालीन नंबर ११२, सगळीकडं एकच. प्रतिजैविकं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, नेहमीची औषधं चिठ्ठीसकट न्या. फ्लॉरेन्समध्ये मला दोन दिवस ताप होता. हिरव्या क्रॉसच्या पाटीखालच्या औषधवाल्या बाईनं हातवाऱ्यांवर भागवलं. दिवसातून एकदा तरी आपण कुठं आहोत हे घरच्या एका माणसाला कळवत जा, म्हणजे तापात फणफणलेल्या माणसाला निदान शोधता तरी येईल.

मोकळ्या दिवसात काय होतं

तापातून उठल्यावर फ्लॉरेन्समध्ये मोकळा दिवस होता. उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय बघून झालं होतं. कासिने बागेच्या पार टोकाला 'इंडियानो' नावाचं काही आहे असं नकाशावर दिसलं, म्हणून आर्नो नदीच्या कडेनं तासभर चालत गेले. तिथं एक छत्री आहे, घुमटी आणि नक्षीचे खांब असलेली, आणि खाली फेटा बांधलेला अर्धपुतळा. कोल्हापूरचे राजाराम महाराज. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये ऐन विशीत वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं आणि १८७४ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. शेजारच्या मोठ्या पुलालाही लोक 'इंडियानो'च म्हणतात.

ज्यांच्या नावाच्या कॉलेजात माझे वडील शिकले, ते इथं, कुत्री फिरवणाऱ्या लोकांच्या बागेत. मी दुपारी साडेतीनला घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "फेटा नीट दाखव." यादीतली अकरा शहरं ठेवली असती तर फ्लॉरेन्सला दीड दिवस आला असता आणि त्या टोकापर्यंत मी कधीच चालत गेले नसते.

परत आल्यावर

बोर्डिंग पास, हॉस्टेलच्या पावत्या आणि विमा फेकू नका, एका पाकिटात घाला. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम असा आहे की मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. माझा एक झाला. पाकीट कपाटात आहे, त्यावर आईनं पेननं 'तूप नेऊ नये' असं लिहून ठेवलंय.